भरूचला निघताना वार नको, तिथी बघा

बडोद्याहून भरूच जेमतेम ७० किलोमीटर. मेमू घ्या, एसटी घ्या, नाहीतर आपली गाडी काढा. सकाळी निघून संध्याकाळी घरी परत. म्हणून आपल्याकडे सगळे रविवार धरून निघतात आणि तिथेच चुकतं. भरूचपाशी नर्मदा खाडीसारखी वागते. खंबातच्या आखाताचं पाणी दिवसातून दोनदा तिच्यात वर चढतं आणि दोनदा उतरतं.

आखात वर जाताना निमुळतं होत जातं, तळही उथळ होतो, त्यामुळे शिरलेलं पाणी पसरायला जागा न मिळून उंच चढतं. समोरच्या भावनगरला उधाणात भरती-ओहोटीतला फरक १० मीटरच्या वर जातो. नदीत भरती झपाट्याने येते, ओहोटी मात्र रेंगाळत उतरते. दशाश्वमेध घाटावर भरतीच्या वेळी पोचलात तर सोडलेलं निर्माल्य समुद्राकडे जायचं सोडून पूर्वेला, प्रवाहाच्या उलट सरकताना दिसेल. ओहोटीला तिथेच उघडा गाळ पडतो. वरून वाळल्यासारखा दिसतो, पाय टाकला की पोटरीपर्यंत रुततो. फोटोसाठी पायऱ्या सोडून खाली उतरू नका.

कोकणातल्या मंडळींचा हिशेब पाठ असतो: तिथीला तीनाने गुणा, चाराने भागा, भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहा. मुंबई-रत्नागिरीला हे ठीक चालतं. पण आखातात भरती मुंबईनंतर काही तासांनी पोचते, नदीत आणखी उशिरा. तो हिशेब इकडे जसाच्या तसा लावलात की फसलात. वेळ स्थानिक कोष्टकातूनच घ्यायची. तिथीचा उपयोग जोर ओळखायला: अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या एकदोन दिवसांत उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमी जोराची भरती.

याचा खरा कस लागतो आखाताच्या किनाऱ्यावरच्या कावी-कंबोईला. पादरा-जंबुसर रस्त्याने बडोद्याहून साधारण ७५ किलोमीटर. तिथलं स्तंभेश्वराचं लिंग भरतीत पाण्याखाली जातं. भरती रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. या रविवारी सकाळी ११ ला पूर्ण ओहोटी असेल, तर पुढच्या रविवारी ११ ला जवळपास पूर्ण भरती. दर्शन सोडाच, नुसता समुद्र बघत बसायचं. त्याच्या पुढच्या रविवारी मात्र ओहोटी सव्वादहाच्या सुमारास. म्हणजे एकाआड एक रविवार जमतो. शेजाऱ्यांनी गेल्या आठवड्याची वेळ सांगितली तर ती घेऊन निघूच नका.

नर्मदेची परिक्रमा करणाऱ्यांना हे शिकवावं लागत नाही. नदीच्या मुखापाशी विमलेश्वरहून पलीकडच्या काठावर मिठी तलाईला जाणारी नाव भरतीवरच सुटते, मग पहाट असो की मध्यरात्र. नावाड्याशी घड्याळावरून वाद घालण्यात अर्थ नाही. पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापाऱ्यांच्या मार्गदर्शिकेतही हेच आहे: बारिगाझा म्हणजे भरूच बंदरात शिरायला स्थानिक कोळी पुढे येऊन जहाजं भरतीबरोबर ओढून आणत आणि ओहोटीला ठरलेल्या खोल जागी नांगरून ठेवत.

भरूचचा नर्मदेवरचा गोल्डन ब्रिज १८८१ चा. आधीचा पूल पुरांनी मोडला म्हणून हा बांधला. गाड्यांसाठी आता शेजारी २०२१ चा नर्मदा मैया पूल आहे. ओहोटीला जुन्या पुलाच्या खांबांवरची ओल्या गाळाची रेघ बघा, पाणी किती चढलं होतं ते तिथे वाचता येतं. नर्मदेतल्या बेटावरचा कबीरवडही जमवता येतो, पण कावीच्या दिवशी नको. दोन्ही एकदम करायला गेलात की दोन्हीकडे घाई.

भरूचची खारी शिंग, म्हणजे खारे शेंगदाणे, आणायचीच. दाणे मिठाच्या पाण्यात मुरवून, सुकवून तापलेल्या वाळूत भाजतात. सुकवण्यात घाई झाली की दाणा बाहेरून करपतो आणि आत चामट राहतो. घेताना एक दाणा दोन बोटांत चोळा: साल सुटून दाण्याच्या दोन फोडी टचकन वेगळ्या व्हायला हव्यात. भट्टीवरची गरम शिंग लगेच प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून घेऊ नका, वाफ धरून बडोद्याला पोचेपर्यंत मऊ पडते. कागदी पुडीत घ्या, घरी पूर्ण निवू द्या, मग डब्यात भरा. पावसाळ्यात पाव किलोच्या वर घेऊच नका.