सपाट तळव्यांसाठी इनसोल करून घेताना

ओल्या पायाने शहाबादीवर पाऊल टाकलं की माझा ठसा भाकरीसारखा भरीव उठतो, आतल्या बाजूची खाच नावालाही नाही. नुसतं एवढंच असेल तर त्याला हात लावू नये. सहा-सात वर्षांपर्यंत तर अनेक मुलांचे तळवे सपाटच दिसतात. दुखत नसताना त्यांच्या बुटात काही कोंबण्यात अर्थ नाही. माझं दुखत होतं. आतल्या घोट्याच्या मागून तळव्याकडे जाणारी शीर संध्याकाळपर्यंत ठणकायची, आणि प्रत्येक बुटाची टाच आतल्या अंगाने झिजलेली असायची.

इनसोलचा उपयोग लवचीक तळव्याला होतो. ते तपासणं सोपं आहे. दोन्ही चवड्यांवर उठून उभं राहायचं आणि कुणाला तरी मागून बघायला सांगायचं. टाच आतल्या बाजूला वळली आणि कमान उठली तर तळवा लवचीक. टाच जागची हलत नसेल, एका पायाच्या चवड्यावर उठताच येत नसेल किंवा एकाच पावलाची कमान मोठेपणी खाली बसत चालली असेल, तर आधी हाडांच्या डॉक्टरांकडे जायचं. अशा पायाला इनसोलचे पैसे वाया जातात आणि वेळही.

काम ऑर्थोटिस्टचं, म्हणजे हातापायांना आधार देणारी साधनं मापाने बनवणाऱ्याचं. भारतीय पुनर्वास परिषदेकडे त्यांची नोंदणी असते, तो क्रमांक विचारायला लाजू नये. मुंबईत हाजी अलीच्या केंद्र सरकारच्या भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत हा विभाग आहे. मी मात्र आधी शॉर्टकट घेतला. एका दुकानातल्या मशिनवर उभा राहिलो, पडद्यावर लाल-पिवळे पाय उमटले आणि तासाभरात इनसोल हातात. कामाचं काही निघालं नाही. असं मशिन दाब कुठे पडतो ते दाखवतं, कमानीची उंची नाही. शिवाय उभ्याने माप घेतलं की वजनाने दबलेल्या पावलाचंच माप मिळतं. जे सुधारायचं, त्याचीच नक्कल.

ऑर्थोटिस्टने आधी पेनने खूण केली, घोट्याच्या खाली-पुढे आतल्या बाजूला जे हाड वर येतं त्यावर. शेजारी पुठ्ठा उभा धरून खुणेची उंची मोजली. बसून ४६ मिमी, उभं राहिल्यावर ३३. फरक १० मिमीच्या वर गेला की पाऊल जास्त बसतं असं धरतात, माझा १३ होता.

खरं काम मापाच्या त्या पाच मिनिटांत होतं. मी पालथा झोपलो, पावलं टेबलाच्या कडेबाहेर. प्लास्टर ऑफ पॅरिसची पट्टी चार-पाच पदरी करून, ओली करून एक तुकडा टाचेभोवती आणि दुसरा बोटांभोवती गुंडाळला. मग एका हाताच्या चिमटीत घोट्याच्या पुढचं हाड दोन्ही बाजूंनी सारखं लागेपर्यंत पाऊल फिरवलं आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने करंगळीच्या मुळाशी खालून दाबून पाऊल तिथेच धरून ठेवलं. या वेळी मदत म्हणून आपण पाय ताठ केला की चवडा पिळला जातो आणि साचा चुकतो. पाय मेल्यासारखा सैल सोडायचा. फोमच्या पेटीत माप घेणार असतील तर खुर्चीत बसून, गुडघा काटकोनात ठेवून, पाय त्यांनाच दाबू द्यायचा. पेटीत उभं राहायचं नाही.

ऑर्डर लिहिताना समोर बसून बघितलं. पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लॅस्टिकची कडक ताटली, म्हणजे इनसोलचा खालचा थर, ४ मिमी जाड. हलक्या माणसाला ३ चालते, वजनदाराला ५ लागते. टाचेची वाटी खोल, १६ मिमी, कारण उथळ वाटीतून माझी टाच आत कलंडते. टाचेखाली आतल्या बाजूने ४ अंशांची पाचर. साधारण ६० मिमी रुंद टाचेखाली म्हणजे आतली कड सुमारे ४ मिमी उंच. वरून ३ मिमीचं मऊ आवरण. मधुमेहाने तळव्याची जाणीव कमी झालेल्यांना मात्र अशी कडक ताटली देऊ नये. त्यांचं इनसोल मऊ थरांचं असतं, आणि त्यांनी दुखतंय का यावर न जाता रोज कातडी बघायची.

इनसोल आलं की आधी ते हातात घेऊन तळव्याला लावून बघायचं. ताटलीची पुढची कड चवड्याच्या गादीच्या मागेच थांबली पाहिजे. माझ्या उजव्याची ३-४ मिमी पुढे आली होती आणि अंगठ्याखाली आग व्हायला लागली. तिथल्या तिथे घासून कमी केली. कमानीत गोटी अडकल्यासारखं वाटणं पहिल्या आठवड्यात चालतं. पण काढल्यानंतर वीस मिनिटांनीही लाल वळ जात नसेल तर परत जायचं. पहिल्या दिवशी एक तास, मग रोज एक तास वाढवत दोन-तीन आठवड्यांत पूर्ण दिवस. उत्साहाने पहिल्याच दिवशी ऑफिसला घालून गेलं की संध्याकाळी गुडघे बोलतात.

बुटाबद्दल कुणी आधी सांगत नाही. आतलं मूळचं इनसोल निघालं पाहिजे, नाहीतर पाय वर उचलला जाऊन टाच बाहेर सटकते. टाचेमागची भिंत अंगठ्याने दाबून दबायला नको. आणि बूट मधोमध दुमडत असेल तर नको, तो चवड्यापाशीच वाकला पाहिजे. करकर आवाज आला तर ताटलीखाली थोडी टाल्कम पावडर.

आपली खरी अडचण चप्पल. बूट दारात काढले की उरलेला दिवस अनवाणी फरशीवर, म्हणजे इनसोलचा हिशोब तिथेच संपला. घरात घालायला तळ निघणारी, मागे पट्टा असलेली सँडल घेतली आणि त्यात दुसरी जोडी बसवली. पोटरी आखडलेली असेल तर टाच लवकर उचलली जाते आणि ताण कमानीवर येतो. म्हणून भिंतीला हात टेकून, मागचा गुडघा सरळ ठेवून, प्रत्येक पायाला ३० सेकंदांचा ताण तीनदा, रोज. इनसोल पाऊल धरून ठेवतं, कमान घडवत नाही. काढलं की पाऊल पूर्वीसारखंच बसतं.

पावसाळ्यात भिजलं तर पंख्याखाली वाळवायचं. गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात ठेवलं की आवरणाचा गोंद सुटतो. किंमत विचारताना दुरुस्तीच्या किती फेऱ्या धरल्यात तेही विचारावं, मला दोन लागल्या. वरचं आवरण आधी दबतं. ते बदलून मिळतं, खालची ताटली तीच राहते. प्लास्टरचा साचा मात्र जागेअभावी फेकून देतात, म्हणून माझा मी मागून घरी आणलाय.