गुण्यातला तीस अंश

लातुरात एप्रिलच्या दुपारी तीननंतर वर्गात कुणी थांबत नाही. परवा एमएस्सीची एक मुलगी थांबली. रोज औशाहून येणं-जाणं करते. म्हणाली, “सर, ऑपरेटर शिकताना हे पॉइंकारेचं अंतर मधेच कुठून आलं?”

मला फार बरं वाटलं. ऑपरेटर म्हणजे एका बाणाचा दुसरा बाण करणारी क्रिया, मॅट्रिक्स करते तशी. फळ्यावर १ त्रिज्येचा गोल काढला, आतला प्रत्येक बिंदू म्हणजे एक संमिश्र संख्या. इथे पट्टीने नाही, गणितज्ञ पॉइंकारेच्या अंतराने मोजायचं. केंद्रापासून ०.९ पर्यंत १.४७ भरतं, आणि तिथून ०.९९ पर्यंतचा एवढासा तुकडा एकटाच १.१७. कडेकडे जाल तसं अंतर वाढतच जातं, कड काही हाती लागत नाही. गोल होलोमॉर्फिक रीतीने, म्हणजे संमिश्र चलात डिफरन्शिएट होणाऱ्या फलनाने, एकास एक स्वतःवरच कसाही फिरवा, हे अंतर बदलत नाही.

मग एक मॅट्रिक्स लिहिली. वरची ओळ ०, √३/२. खालची ०, १/२. मॅट्रिक्स ज्या बाणांना फक्त काही पट करते ते आयगेन व्हेक्टर, आणि ती पट म्हणजे आयगेन व्हॅल्यू. इथे त्या ० आणि १/२, म्हणजे गोलातलेच दोन बिंदू. “नॉर्म काढ,” म्हणजे मॅट्रिक्स बाणाला जास्तीत जास्त किती पट लांब करते ते. दुसऱ्या स्तंभात ३/४ अधिक १/४, बरोबर १. “आता दोन्ही आयगेन व्हेक्टरमधला कोन.” तिने (१, ०) आणि (√३/२, १/२) मांडले आणि खडू हातात तसाच राहिला. “तीस अंश? कंपासपेटीतल्या गुण्याचा?”

तोच. त्याची साइन १/२, आणि ० ते १/२ या पॉइंकारे अंतराचा हायपरबोलिक टँजंटही १/२. आयगेन व्हॅल्यू त्याच ठेवून कोन जरा मिटवला, की नॉर्म १ च्या वर गेलाच. नॉर्म १ च्या वर जाऊ द्यायचा नसेल तर बिंदू जितके लांब, तितके बाण फाकायलाच हवेत. दिवाळीत गावी लाइट गेलेली असताना मोबाइलच्या उजेडात हे गणित मी पहिल्यांदा केलं होतं. सुटल्यावर झोप लागली नव्हती.

गोलाच्या पलीकडे, अनेक चलांच्या प्रदेशात, अंतर दोन तऱ्हांनी मोजतात. गणितज्ञ काराथिओदोरी प्रदेशातून गोलात फलनं पाठवतो आणि सर्वांत मोठं अंतर घेतो. कोबायाशी उलट गोलच प्रदेशात पाठवून कमीत कमी अंतर शोधतो. बहिर्वक्र प्रदेशात, म्हणजे कुठल्याही दोन बिंदूंना जोडणारी रेघ आतच राहते अशा प्रदेशात, दोन्ही सारखीच येतात, हे लेम्पर्टने १९८१ मध्ये दाखवलं. १९९० मध्ये जिम ॲग्लरने तेच ऑपरेटरच्या वाटेने, असे कोन धरून सिद्ध केलं. माझ्या मते या विषयातली सगळ्यात देखणी सिद्धता हीच.

“मग बहिर्वक्र नसलं की संपलं?”

नाही. गोलातल्या दोन संख्यांची बेरीज आणि गुणाकार यांची जोडी घ्या, दहावीच्या वर्गसमीकरणातल्या मुळांसारखी. अशा जोड्यांचा प्रदेश ॲग्लर आणि निकोलस यंग यांनी अभ्यासला. तो बहिर्वक्र नाही, तरी दोन्ही अंतरं जुळतात. बहिर्वक्र नाही हे मात्र मी सांगितलं नाही, तिलाच करायला लावलं. दोन्ही मुळं ०.९ घेतली, मग दोन्ही ०.९i. जोड्यांचा मध्यबिंदू काढला: (०.९+०.९i, ०). त्याची मुळं ० आणि ०.९+०.९i. तिने वर्ग केले, बेरीज केली, १.६२.

“गोलाच्या बाहेर गेलं, सर.”