लीव्हवर असताना झालेल्या आउटेजचं खापर माझ्या अप्रेझलमध्ये

एप्रिल 2023 ची गोष्ट आहे. मी हिंजवडीत एका आयटी कंपनीत प्रॉडक्शन सपोर्टला, म्हणजे चालू सिस्टीमवर लक्ष ठेवायच्या कामाला होते, क्लायंट अमेरिकेतला, रिटेलवाला. मॅटर्निटी लीव्ह संपवून फेब्रुवारीत जॉइन झाले होते आणि दोनच महिन्यांत अप्रेझल आलं. आदल्या वर्षी 5 पैकी 4 मिळालेले, यंदा थेट 2.

मीटिंगमध्ये मॅनेजर आणि एचआर दोघंही बसलेले. एचआर असतीलच कशाला, हे तेव्हाच खटकलं. मॅनेजरनी स्क्रीन वळवली आणि मी कमेंट वाचली, त्यात लिहिलं होतं की नोव्हेंबरच्या सेलच्या आठवड्यात बॅच जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) फेल होऊन जो आउटेज झाला, म्हणजे सिस्टीम बंद पडली, त्यात माझ्याकडून फॉलोअप झाला नाही, क्रिटिकल वेळी उपलब्धता कमी होती. तो सेल ज्या अमेरिकन सणाचा, तो थँक्सगिव्हिंग 24 नोव्हेंबरला होता, ते सपोर्टवाला कुणीच विसरत नाही. आणि त्या दिवशी माझं बाळ दीड महिन्याचं होतं! लीव्ह ऑगस्टपासून मंजूर, पोर्टलवर ह्याच मॅनेजरचं अप्रूव्हल.

मी म्हटलं, "मी तेव्हा रजेवर होते." तर म्हणाले, "हो ते ठीकए, पण बेल कर्व्हमध्ये कुणाला तरी खाली बसवावं लागतं, तू समजून घे." बेल कर्व्ह म्हणजे टीममधल्या काही जणांना कमी रेटिंग द्यायचंच अशी पद्धत. नंतर एचआर मॅडम एकदम गोड आवाजात, एक तर तीस दिवसांचा पीआयपी (काम सुधारून दाखवायची मुदत) घे, नाहीतर स्वतःच रिझाइन कर, रिलीव्हिंग लेटर क्लीन देऊ, आजच सांगितलंस तर बरं. कागद तयारच होता समोर, रिझाइनचा मसुदा टाइप करून ठेवलेला. हे बघून माझे हातपाय गार पडले, खरंच सांगते.

मी सही केली नाही. एवढंच म्हटलं की मला हे सगळं मेलवर द्या, वाचून उत्तर देते. दोनतीनदा आग्रह झाला, मी तेच वाक्य परत परत म्हणत राहिले.

बाहेर आले तर आमच्या टीममधला सिनियर भेटला, सगळे त्याला दादाच म्हणतात. त्यानी मला कँटीनमध्ये बसवलं, चहा सांगितला आणि म्हणाला, "आधी लिहून काढ, कोण काय बोललं, किती वाजता. घरी गेलीस की अर्धं विसरशील." तिथेच वहीत लिहिलं. त्यानी अजून एक बजावलं ते फार मोलाचं होतं, की कंपनीचे मेल किंवा क्लायंटचा डेटा स्वतःच्या जीमेलवर फॉरवर्ड करू नकोस, तेच कारण दाखवून काढतील. तारखा आणि तिकीट नंबर नोंदवून ठेव, पगाराच्या स्लिपा आणि स्वतःचं अपॉइंटमेंट लेटर घरी हवं, बास.

राजीनाम्याचं पण त्यानीच समजावलं. आपण सही केली की कागदावर ते आपल्या मर्जीनं सोडणं होतं. कंपनीनं कामावरून कमी केलं आणि आपण कायद्याच्या व्याख्येत कामगार असू, सलग वर्षभर नोकरी झालेली असेल, तर 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात एक महिन्याची नोटीस किंवा पगार आणि दर वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार अशी तरतूद होती. नावापुढे लीड लागलंय म्हणून आपण आपोआप त्याच्या बाहेर जात नाही, प्रत्यक्ष काम काय करतो ते बघतात. आयटीतल्या बहुतेकांना वाटतं लेबर लॉ आपल्यासाठी नाहीच, मलाही कुणी सांगितलं नव्हतं.

रात्री बाळ सासूबाईंकडे देऊन मेल लिहायला बसले. पहिल्या ड्राफ्टमध्ये नुसता राग होता, तो पुसला. शेवटी छोटा मेल गेला: लीव्ह कधी ते कधी, आउटेज कधी, अप्रूव्हल कुणाचं, रिझाइनचा मसुदा कुणी पुढे केला, आणि रेटिंग वाचलं आहे पण मान्य नाही. तेव्हा लागू असलेल्या 1961 च्या मातृत्व लाभ कायद्यात त्या रजेच्या काळात बाईच्या नोकरीच्या अटी तिच्या तोट्यात बदलता येत नव्हत्या, हेही एका ओळीत टाकलं, आणि 26 आठवड्यांची रजा ही उपलब्धता कमी असण्यात कशी धरली ते लेखी विचारलं. मॅनेजरच्या वरच्या डायरेक्टरला आणि एचआर हेडला सीसी. पोर्टलवर 'असहमत' दाबून तोच मजकूर तिथेही चिकटवला. काही झालं नसतं तर पुण्यातल्या कामगार आयुक्तालयाच्या ऑफिसात अर्ज करायचं नवऱ्याशी बोलून ठरवलं होतं.

तिथवर जावं लागलं नाही. पुढच्या आठवड्यात आउटेजची कमेंट काढली, पीआयपी रद्द झाला, रेटिंग 3 केलं. रिझाइनच्या मसुद्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. इन्क्रिमेंट मात्र दिलं नाही, म्हणे बजेट क्लोज झालं. मी त्यावरही लेखी उत्तर मागितलं, ते शेवटपर्यंत आलं नाही, आणि वर्षाअखेरीस मी दुसऱ्या प्रोजेक्टला बदली मागून घेतली.