छतावरचं ऊन आणि भट्टीची भूक

आज कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत, फौंड्रीच्या (धातू ओतकामाच्या कारखान्याच्या) छतावर. सोलर बसवला की वीजबिल शून्य, हा समज आधी डोक्यातून काढा. १ मेगावॅटचा प्लांट दिवसाला सरासरी ४,००० युनिटच्या आसपास देतो. इंडक्शन भट्टीला एक टन लोखंड वितळवायला साधारण ६०० युनिट लागतात. म्हणजे दिवसभराच्या उन्हात वितळणार जेमतेम सहा-सात टन. बाकीची वीज विकतचीच, आणि पावसाळ्यात तर विचारूच नका.

खरा वैरी म्हणजे काळी धूळ. शेकआऊटची (साचा फोडून ओतीव माल काढताना उडणारी) वाळू पॅनेलच्या खालच्या कडेला, फ्रेमपाशी साचते. वर काच लखलखीत, पण तेवढ्या पट्ट्यानं सेलची अख्खी रांग झाकली जाते नि उत्पादन पडतं. धुवायचं ते ऊन चढायच्या आत. तापल्या काचेवर गार पाणी मारलं तर तडा जाऊ शकतो. बोअरचं जड पाणी नकोच, पांढरे डाग बसतात.

डिझेल फोर्कलिफ्ट काढून बॅटरीवरची आणली, हे बेस्ट. फक्त लेड-ॲसिड बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर चार्जिंग झाल्यावर टाका (प्लेटा उघड्या पडल्या असतील तर आधी बुडतील एवढंच). आधीच काठोकाठ भरलं की ॲसिड उतू जाऊन ट्रे खातं. बॅटऱ्या दोन ठेवा, एक दिवसा चार्जिंगला. रात्री लावलीत तर ती वीज सोलरची नव्हे, भावांनो!