तुम्ही विचारलंत म्हणून: मीठ कुठे वाढायचे?

"विषय बायकांच्या मानाचा, मग त्याचे विनोदी नाटक कशाला? लोक हसतील आणि विसरून जातील," असे मला नागपुरात आमच्या हौशी प्रयोगांनंतर हमखास विचारले जाते. या शंकेत तथ्य आहे, कारण लाटणे उगारणारी कजाग बायको दाखवून टाळ्या घेण्याची सवय आपल्या रंगभूमीला फार जुनी आहे आणि तिथे हसू बाईवरच उलटते. म्हणूनच विनोद करायचा की नाही यापेक्षा हशा कोणावर पडतो, याची मला अधिक काळजी वाटते.

आमच्या एका एकांकिकेत मुंजीच्या घरी बायका ठरवून पहिल्या पंगतीला बसतात आणि वाढायला पुरुषांना उभे राहावे लागते. तालमीत आमचा नट आधी मुद्दाम धांदरटपणा करायचा, वरणाची बादली हिंदकळवायचा, पोळीच्या जागी पापड टाकायचा. सगळे हसायचे, पण ते त्याच्या वेंधळेपणाला. मी त्याला म्हटले, की चुका करू नका, मनापासून नीट वाढा. त्याने मिठाची वाटी उचलली, पानापाशी वाकला आणि तसाच थांबला. "ताई, पानात मीठ कुठं वाढतात, मले खरंच माहीत नाही जी," तो म्हणाला. पन्नाशीचा गृहस्थ, आयुष्यभर वाढलेल्या पानावर जेवलेला! पंगतीतल्या सहाही जणींचे हात एकाच वेळी पानाच्या वरच्या कडेशी, मधोमध गेले. ते वाक्य आणि ते सहा हात आम्ही जसेच्या तसे नाटकात ठेवले. लक्ष्मीनगरच्या सायंटिफिक सभागृहात त्या जागी हशा उसळला, तेव्हा त्यात पुरुषांचे आवाजही मला स्वच्छ ऐकू आले, आणि त्या नटाला कोणी हसत नव्हते. त्याला ते कधी शिकूच न देणाऱ्या रिवाजाला हसत होते.

ही जाण आमच्या आधीच्यांना होतीच. गोविंद बल्लाळ देवलांच्या १८९९च्या 'शारदा' नाटकात हशा होतो तो म्हाताऱ्या भुजंगनाथाच्या लग्नाच्या हौसेवर आणि त्याला मुलगी जुळवून देणाऱ्या भद्रेश्वर दीक्षितावर. शारदेला कोणी हसत नाही. त्याही कितीतरी आधी, इसवी सनपूर्व ४११ मध्ये, अथेन्सच्या अॅरिस्टोफेनिस या नाटककाराने युद्ध थांबावे म्हणून नवऱ्यांना दूर ठेवणाऱ्या बायका रंगमंचावर आणल्या. लोकांना तेवढेच आठवते. मला मात्र मोलाचे वाटते ते हे, की त्याच बायका अॅक्रोपोलिसचा, म्हणजे अथेन्सच्या टेकडीवरच्या किल्ल्याचा, ताबा घेतात, कारण युद्धाचा पैसा तिथे आहे, आणि जाब विचारायला आलेल्या अधिकाऱ्याला त्यांची पुढारी लिसिस्ट्राटा सुनावते, की घरचा पैसा आम्हीच सांभाळतो, मग हा का सांभाळता येऊ नये? त्याच्याजवळ धड उत्तर नसते आणि हसू तिथेच फुटते.

या दोन्ही नाटकांतल्या बायका मूळ प्रयोगांत पुरुषांनीच उभ्या केल्या होत्या. आमच्या पंगतीत बसतात त्या सहाही जणी घरची वाढणी आटोपून तालमीला येतात, त्यामुळे मिठाकडे हात नेणे मला त्यांना शिकवावे लागले नाही. मी फक्त एक बदल केला आहे: वाटी आता पानांपासून चार पावले दूर ठेवते, म्हणजे ती आणताना आणि नंतर जागा शोधताना आमचा नट जितका वेळ थांबेल, तितका वेळ प्रेक्षकांनाही आपल्या घरचे पान आठवायला मिळतो.