एकाच युनिटचं आयुष्य दोन शीटमध्ये वेगळं

माझं काम औष्णिक वीज प्रकल्पांचे खर्चाचे हिशोब तपासायचं, एरवी तसं कंटाळवाणंच. त्या दिवशी कोळशावरच्या एका जुन्या युनिटला एफजीडी बसवायचं प्रपोजल समोर होतं, म्हणजे धुरातला सल्फर डायऑक्साइड चुनखडीच्या पाण्याने धुऊन काढायचा. खर्च दणदणीत, पण 20 वर्षांवर पसरवलेला, त्यामुळे वीजदरात फारसा जाणवत नव्हता.

दुपारी दुसऱ्याच कामासाठी कार्बन टीमची शीट उघडली तर त्यात हेच युनिट 8 वर्षांनी बंद!

दोन्ही टीम एकाच मजल्यावर बसतात बरं का. एफजीडीच्या शीटमध्ये कार्बनची किंमत (म्हणजे सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडवर धरायचा खर्च) शून्य आणि कार्बनच्या शीटमध्ये एफजीडीचा पत्ताच नाही. मी 20 च्या जागी 8 टाकले तर व्याज धरून वर्षाचा बोजा दीडपटीच्या वर गेला. त्यात एफजीडीचे पंप-पंखे युनिटचीच 1-2 टक्के वीज खातात, आणि 64 किलो सल्फर डायऑक्साइड पकडताना चुनखडीतून 44 किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो तो वेगळाच (एकूण धुराच्या मानाने किरकोळ आहे, तरी कार्बनला किंमत लावली की तोही मोजावा लागतो).

पण मला खरी धास्ती दुसरीच होती. एकदा एफजीडी बसलं की तो पैसा गेलाच, मग युनिट चालवायचं की नाही हे फक्त कोळसा आणि देखभालीच्या खर्चावर ठरतं, आणि एवढा खर्च करून नियमात बसवलेलं युनिट बंद करा म्हणायला कोण पुढे येणार? म्हणजे हवेचा नियम पाळायचा आणि त्यापायी कार्बन आणखी 12 वर्षं सोडत बसायचं.

मीटिंगमध्ये हे मांडलं तर पर्यावरणवाल्या मॅडमनी लगेच विचारलं, "मग तोपर्यंत आजूबाजूच्या लोकांनी सल्फर खायचा का?" मुद्दा बिनतोड होता, कारण त्याच सल्फरचे बारीक कण होऊन फुफ्फुसात जातात आणि ते नुकसान आजचं आहे, 8 वर्षांनंतरचं नाही.

मग युरोपचं उदाहरण निघालं. तिथे 2001 च्या निर्देशात जुन्या प्रकल्पांना एक वाट ठेवली होती, खर्चिक यंत्रणा नको असेल तर 2008 ते 2015 मिळून 20,000 तासच चालवा आणि मग बंद करा. त्याच धर्तीवर आम्ही तिसरा कॉलम बनवला, तास कमी, कमी सल्फरचा कोळसा आणि बंद करायची तारीख लेखी. आमच्या हिशोबात तोच सगळ्यात स्वस्त निघाला. मॅडम म्हणाल्या, तारीख लेखी नसेल तर मी सही करणार नाही, आणि तारखेचं नाव काढताच मॅनेजमेंटने मुदत मागून घेतली. प्रपोजल तेवढं परत गेलं.