ड्रोन हवेत, खाज अंगावर

झांबियात लुसाकाहून चिपाटाकडे जाणारा ग्रेट ईस्ट रोड लुआंग्वा नदीच्या पुलाकडे उतरू लागतो, त्या डोंगराळ पट्ट्यात आमचं काम चालू होतं. उच्चदाब वीजवाहिनीची मोजणी. मनोरे कुठे बसतील, तारा किती लोंबतील, मधली कोणती झाडं काढावी लागतील, हे ठरण्याआधी जमीन इंच-इंच मोजावी लागते. ती मोजणारं पथक माझ्याकडे होतं.

घरी फोन केला की पहिला प्रश्न ठरलेला, "सिंह दिसला का रे?" आमच्या सुरक्षा-पुस्तिकेचंही तेच. सिंह, हत्ती, साप, मगर यांच्यावर पानंच्या पानं, आणि झाडाझुडपांबद्दल एवढंच की पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. प्रत्यक्षात त्या सगळ्या मोसमात माणसांच्या अंगातून जे काही रक्त निघालं, ते वनस्पतींनी काढलं.

सिकल बुश नावाचं झुडूप घ्या. अर्धं गुलाबी, अर्धं पिवळं असं झुलणारं फूल इतकं देखणं की पर्यटक फोटो काढायला गाडी थांबवतात. त्याच्या तोडलेल्या फांद्या वाटेत पडल्या की लँड क्रूझरचा टायर बसलाच म्हणून समजा. बोरीची एक आफ्रिकी बहीण आहे, तिला प्रत्येक पेरावर दोन काटे: एक सरळ, एक मागे वळलेला. पुढे गेलात तर सरळ टोचतो, मागे सरलात तर वाकडा धरतो. घाई करणाऱ्याचा शर्ट जातो. (आपली साधी बोरही तिकडे रुजली आहे. कोरड्या दिवसांत नदीकाठच्या बाजारात 'मसाऊ' म्हणून तिचे ढीग लागतात. मी भरपूर खाल्ली.) तिधारी निवडुंगाचा झाडाएवढा थोराड भाऊबंद तर आमचा कपितावो कुणाला तोडूच देत नसे. कपितावो म्हणजे तिकडचा मुकादम. पांगा, म्हणजे तिकडचा कोयता, मारला की त्या खोडातून चीक उडतो, आणि तो डोळ्यात गेला तर माणसाला काही दिवस दिसेनासं होऊ शकतं. तिथे तो स्वतः पुढे व्हायचा, गॉगल लावून, हळूहळू करवतीने.

पण कपितावो ज्याच्यापुढे खरोखर आवाज खाली आणायचा ती होती एक वेल. न्यांजा भाषेत चितेद्झे, तिकडच्या इंग्रजीत बफेलो बीन, आणि आपल्याकडे खाजकुयली. नुसती सारखी नव्हे, तीच, म्युकुना प्रुरियन्स. कोकणात वाढलेल्या माणसाला तिची ओळख करून द्यायला नको. शाळेत कुणाच्या तरी सदऱ्यात तिची कुसं टाकल्याची एक तरी कथा प्रत्येक गावात असते. फरक एवढाच की तिथे ती शेत पडीक टाकलं की चार पावसात झाडंच्या झाडं झाकून टाकते. जून-जुलैत पानं झडतात आणि वाकड्या शेंगांचे घोस उरतात, सोनेरी-तपकिरी मखमल पांघरलेले. त्या मखमलीचा एकेक केस जेमतेम दोनेक मिलिमीटरचा, आणि शेंग वाळली की वाऱ्याने सुटतो. हात लावायचीही गरज नसते.

म्हणून कपितावोचा नियम असा: चितेद्झे जवळ असेल तर दंव असेपर्यंत काम करायचं. ओले केस उडत नाहीत. ऊन चढलं की तिथून निघायचं. आणि काम करताना वारा नेहमी पाठीवर किंवा बाजूने, तिच्याकडून तोंडावर कधीच नाही.

त्या जुलैत एका ठेकेदार कंपनीचा लेझर मोजणीचा ड्रोन आमच्यासोबत आला. सहा पंख्यांचं मोठं धूड. चालवणारा मुलगा नाशिकचा, पंचविशीचा, हुशार, आणि झांबियात नवा. मी आणि कपितावो टेकाडावर खुंट्या तपासत होतो. खाली मक्याच्या जुन्या पडीक शेतात त्याला छान सपाट, मोकळी जागा सापडली. जमिनीवर गवतसुद्धा नव्हतं. शेताच्या कडेच्या झाडावर काय चढलंय, हे बघायचं कारण त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

साडेदहाच्या सुमारास ड्रोन उठला आणि झाडाच्या शेंड्यावरून, फार उंची न घेता, पुढे गेला. वरून मला झाडाभोवती पिवळसर धूर उठल्यासारखा दिसला. कपितावोने हातातली खुंटी टाकली आणि उतारावरून धावत सुटला. एवढ्यात वॉकीटॉकीवर आवाज आला, "सर, मुंग्या चावतायत बहुतेक. मानेवर."

आम्ही पोचलो तेव्हा दोन मदतनीस शर्ट ओढून काढायच्या बेतात होते. कपितावोने दुरूनच ओरडून त्यांना थांबवलं. डोक्यावरून शर्ट काढला की केस तोंडावर आणि डोळ्यांत जातात. आणि खाजवायचं नाही, अजिबात नाही, कारण खाजवलं की केस मोडून आत रुततात आणि नखांनी दुसरीकडे पोचतात. तो पांग्याच्या टोकाने पाठीमागून एकेकाचा शर्ट फाडत होता आणि सगळा वेळ शिव्या घालत होता, त्यांना की वेलीला ते कळलं नाही.

नाशिककराची अडचण वेगळीच. त्याचे दोन्ही अंगठे रिमोटवर. ड्रोन शंभरेक मीटर उंचीवर, आणि त्या ड्रोनची किंमत आम्हा तिघांच्या वर्षाच्या पगारापेक्षा जास्त. मान लाल, कान लाल, डाव्या डोळ्यातून पाणी, आणि पोरगा दात आवळून उभा. "सर, बॅटरी उतरतेय. कमी झाली की हा आपोआप घरी येतो."

घर म्हणजे जिथून उडाला ती जागा. म्हणजे पुन्हा तीच वेल, तेच पंखे, उतरताना तर वाऱ्याचा झोत जास्तच.

कपितावोने मूठभर धूळ हवेत सोडून वारा बघितला आणि मुरमाच्या रस्त्याकडे बोट केलं, वाऱ्याच्या वरच्या अंगाला. मी पोराला म्हटलं, "चालत चल, रिमोट सोडू नकोस, आणि घराची जागा बदल." त्याच्या दंडाला धरण्याऐवजी मी मोजणीची काठी आडवी धरली, तो ती कोपराने चाचपत चालत राहिला. रस्त्यावर पोचून त्याने नवी जागा नोंदवली. ड्रोन मुरमावर टेकला, पंखे थांबले, आणि मग तो जो ओरडला तसं मी कुणाला ओरडताना ऐकलेलं नाही.

जवळच डांबो होता, म्हणजे पाऊस संपल्यावरही ओल धरून ठेवणारा गवताळ खोलगट भाग. कपितावोने तिघांनाही तिथे नेऊन काळ्या चिकणमातीने माखलं. घासायचं नाही, नुसतं थापायचं. ती उन्हात वाळून तडकली की पापुद्र्यासारखी सोलायची, केस तिच्यात अडकून येतात. आपल्याकडे शेणाने तेच करतात. मी तोवर प्रथमोपचाराच्या पेटीतल्या ॲलर्जीच्या गोळ्या दिल्या. काडीचा फरक पडला नाही, आणि पडणार नव्हताच. या केसांत म्युकुनेन नावाचं प्रथिनं तोडणारं विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. शेली आणि आर्थर या अमेरिकी संशोधकांनी ते 1955 मध्ये दाखवलं. ते त्वचेतल्या मज्जातंतूंना थेट चेतवतं. ॲलर्जीत शरीर जे हिस्टामीन सोडतं, त्याच्या वाटेने ही खाज येतच नाही, मग हिस्टामीन अडवणारी गोळी करणार काय? अंगावरचा केस काढणं, हाच इलाज.

डोळ्याचं मात्र मातीने भागणार नव्हतं. गाडीच्या सीटवर ताडपत्री टाकून आम्ही त्याला मिशनच्या रुग्णालयात नेलं. तिथल्या क्लिनिकल ऑफिसर बाईंनी एकही प्रश्न न विचारता मानेकडे बघितलं आणि वेलीचं नाव घेतलं. सलाईनने डोळा बराच वेळ धुतला, भिंगातून बघत पापणीच्या आतून दोन केस चिमट्याने उचलले. मानेसाठी त्यांचं औषध होतं खोकी बांधायची रुंद चिकटपट्टी. लावायची, उचलायची, नवी लावायची. मातीपेक्षा ते बरं वाटलं, निदान कुठून केस निघाले ते पट्टीवर दिसतं. परत निघताना त्यांनी बजावलं की कपडे नुसते धुऊ नका, उकळा, उष्णतेने ते विकर निकामी होतं. आमच्या आचाऱ्याने ते ऐकून स्वयंपाकाची पातेली कुलपात ठेवली आणि तेलाचा रिकामा डबा पुढे केला.

दोन दिवसांनी डोळा ठीक झाला. मान आठवडाभर खाजत होती.

लुआंग्वाच्या खोऱ्यात पायी सफारी करायला लांबून लोक येतात, कोरड्या दिवसांतच येतात. वाटाड्या बोट करील ते हत्ती जरूर बघा. पण तो एखाद्या निरुपद्रवी दिसणाऱ्या झाडाला उगाच मोठा वळसा घालू लागला तर कारण विचारत थांबू नका, वळसा घाला.

अपघाताचा अहवाल संगणकावर भरायचा होता. कारणाच्या रकान्यात पर्याय होते वाहन, पडणे, विद्युत, प्राणी. मी 'इतर' निवडलं. खाली खर्चाच्या मागणीत दोन डझन चिकटपट्ट्या लिहिल्या. लेखा विभागाने विचारलं की मोजणीच्या पथकाला पॅकिंगचं सामान कशाला हवं. उत्तरादाखल मी पोराच्या मानेचा फोटो पाठवला. मंजुरी आली, एक डझनाची.